सुईची जागा

कटुनायकेच्या कारखान्यात मी कॉलर शिवते.
तासाला नव्वद.
कुणाच्या गळ्याशी जाऊन बसतात, ठाऊक नाही.
पोर्णिमेला जोडून दीड दिवस सुट्टी मिळाली,
अम्मा म्हणाली, इनोका, या वर्षी श्रीपाद.
गुडघे आहेत तोवर.

रात्री दहाला नल्लतन्नीहून चढायला लागलो.
पहिल्यांदा येणाऱ्याला इथे कोडू म्हणतात.
कोडूनं विचारायचं नसतं, अजून किती उरलं.
दमले, असंही म्हणायचं नसतं.
मला जड गेलं नाही.
कारखान्यातही म्हणायचं नसतंच.

सीतगंगुलाच्या पाण्यात तोंड धुतलं,
असं गार, की दातांची मुळं मोजावीत.
वरून उतरणारे म्हणत होते, करुणावै,
करुणा असो.
आम्ही तेच त्यांना परत देत होतो,
साखरेची एकच वाटी
दोन शेजारणींत रात्रभर फिरावी तशी.

मळ्यात पानं खुडणारी पेचियम्मा
आमच्या पुढे दोन पायऱ्या, कडेवर नातू.
तिच्या लेखी वरचं पाऊल शिवाचं.
चहावाला रिफाई म्हणाला, आमचे आजोबा सांगायचे,
बाबा आदमचं.
अम्मानं दोघांना हात जोडले
आणि कपात बिस्किट बुडवत म्हणाली,
बुद्धांचंच आहे, पण बसू दे सगळ्यांना.
एका पावलात एवढे मावतात,
आम्ही भाड्याच्या खोलीत सहा जणी मावत नाही.

मग इंदिकटुपान.
सुईची जागा.
इथे म्हणे तथागतांचं चीवर उसवलं,
इथेच दगडावर बसून त्यांनी ते टाचलं.
म्हणून कोडू इथे सुईत दोरा ओवतो,
सुई ठेवतो, दोरा उलगडत चालू लागतो.
कठड्यावर, झुडपांवर पांढरे दोरे,
हजारो,
दवानं जड झालेले,
कशालाच कशाशी न जोडणारे.

मी एका झटक्यात दोरा ओवला. अंधारात.
मागचा मुलगा म्हणाला, अक्का, माझाही द्या ओवून.
मग त्याच्या आईचा. मग रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा.
सतरा सुया ओवल्या मी त्या रात्री,
कुणी मोजत नव्हतं, मीच मोजल्या.
आमच्याकडे एक टाका चुकला
की अख्खा शर्ट लाल पेटीत जातो.
आणि ज्यानं राजवाडा मागं टाकला
त्यानं उसवलेलं मात्र टाकलं नाही.
हे मला कुणी
शाळेत सांगितलं नव्हतं.

अम्मा तिथेच बसली.
गुडघे बोलायला लागलेत, म्हणाली, तू जा.
ती अकरा वेळा वर गेलेली.
जितक्यांदा चढलात, तितके टोल घंटेला द्यायचे.
तुझा बारावा मी देते, मी म्हटलं.
नको. डोंगराशी उसनवारी नाही करायची.

महागिरिदंबाच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत.
वर गर्दी, वारा, कापूर, ओले मोजे.
पाऊल दिसत नाही, खरं तर.
वर फरशी, फरशीवर वस्त्र, वस्त्रावर फुलं.
खरं खाली आहे म्हणतात, आणखी खोल.
माझं कपाळ कापडाला टेकलं
आणि बोटांनी सवयीनं कडेची शिवण चाचपली.
हातशिलाई. जराशी वाकडी.
का कोण जाणे, तिथेच रडू आलं.

उजाडताना डोंगराची सावली पश्चिमेला धुक्यावर पडली,
नीट इस्त्री केलेल्या कॉलरच्या टोकासारखी.
लोक साधू, साधू म्हणत होते.
मी घंटेला एक टोल दिला.
एकच.
माझ्याआधीच्या बाईनं तेवीस दिले होते,
माझ्यानंतरच्या पोरानं मजेत चार,
भिक्खूंनी डोळे वटारले तरी.

खाली आले तेव्हा अम्मा दोऱ्यांच्या ढिगाजवळ
शाल ओढून बसलेली.
ऐकली तुझी, ती म्हणाली.
एवढ्या घंटांत?
हो. जरा लाजून वाजली ना, ती.

खोटं बोलत होती.
मी तिचा हात धरला,
आणि दोघी
एकेक पायरी
उतरायला लागलो.